साठीनंतरची मोटारसायकल



'आबा, आता गाडीला हात लावू नका,' असे घरची तरुण मंडळी म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. पण नरडाण्याच्या शिवारात गाडी सुटली की शेतावरची फेरी सुटते, बाजार सुटतो आणि माणूस ओट्यावर बसून राहतो. म्हणून नुसत्या वयावर जाऊ नका. पुढील गोष्टी तपासा, मग ठरवा.

१) डोळे : मोतीबिंदू वाढला की समोरच्या दिव्याचा उजेड डोळ्यांत पसरतो. मुंबई-आग्रा महामार्गावर रात्री ट्रक समोर आला की रस्ताच दिसत नाही. असे होत असेल तर रात्रीची गाडी आजच बंद करा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. त्यानंतर डॉक्टरांनी 'चालवा' म्हटल्यावरच किल्ली हाती घ्या.

२) पाय : मधुमेहात तळपाय बधिर होतात. मागचा ब्रेक उजव्या पायाचा. तो किती दाबला हेच समजत नाही. डोळे मिटून बसा आणि नातवाला पायाच्या बोटांना कापूस लावायला सांगा. स्पर्श कळला नाही तर डॉक्टरांना दाखवा. गुडघे दुखत असल्यास बिनगियरची, बटनावर सुरू होणारी स्कूटर बरी. तिचे दोन्ही ब्रेक हातात असतात.

३) साखर व औषधे : मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी निघू नका. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच गाडी बाजूला घ्या व साखर किंवा गूळ खा. पूर्ण बरे वाटल्याशिवाय पुढे जाऊ नका. खिशात पुडी ठेवाच. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते. रक्तदाबाचे औषध नवीन सुरू झाले की चक्कर येऊ शकते.

४) फवारणी : कपाशीवर सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषध फवारताना विषबाधा झाली तर बाहुली बारीक होते, नजर अंधुक होते. मळमळ, घाम, अंधारी जाणवली तर स्वतः गाडी चालवू नका. दुसऱ्याच्या वाहनाने दवाखाना गाठा.

५) परवाना : पंचावन्न वर्षांनंतर परवाना ५ वर्षांसाठीच मिळतो. नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. मुदत संपून १ वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. डॉक्टरांपासून आजार लपवू नका. हेल्मेट चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही घालावे.

बंधूंनो, बैल थकला म्हणून आपण त्याला एका दिवसात दावणीला बांधून टाकत नाही. आधी नांगर काढतो, मग हलके काम देतो. गाडीचेही तसेच करा. आधी रात्र सोडा, मग महामार्ग सोडा, मग मागचे ओझे सोडा. शिवाररस्त्यावर दिवसाउजेडी, सावकाश चालवा. आणि ब्रेक दाबायला उशीर होतोय असे ज्या दिवशी स्वतःलाच जाणवेल, त्या दिवशी कोणी सांगण्याची वाट न बघता किल्ली मुलाच्या हाती द्या. मागे बसून शेतावर जाण्यात कमीपणा नाही.