मुंग्या, चौकोन आणि फिरतं चक्र

केबलवाल्याकडे येणाऱ्या तक्रारींची वही कुणी जपून ठेवली असती, तर तिच्यावरून नगर जिल्ह्यातल्या टीव्हीचा अख्खा इतिहास लिहिता आला असता. पंचवीस वर्षांपूर्वी लोक फोनवर सांगायचे, "अहो, टीव्हीला मुंग्या आल्यात." मग घरोघर बॉक्स बसले आणि तक्रारीचे शब्द बदलले: "चित्राचे चौकोन पडतायत, आवाज तुटतोय." आता फोन येतो तो असा: "नुसतं गोल गोल फिरतंय." मुंग्या म्हणजे तांब्याच्या तारेतून दमून पोचलेला सिग्नल. चौकोन म्हणजे चित्र आकड्यांत बांधून पाठवलं आणि त्यातले काही आकडे वाटेत सांडले. गोल फिरणं म्हणजे इंटरनेटवरून येणारं चित्र वेळेवर पोचलं नाही. तिन्ही तक्रारी ऐकून मोटारसायकलला किक मारणारा माणूस मात्र पुष्कळदा एकच असतो. हा लेख त्याच्या धंद्याविषयी आहे.

2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. बोलताना अजून नगरच तोंडात येतं. चौदा तालुके आणि सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर पसारा, क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा. केबलच्या धंद्यात हा मोठेपणा अडचणीचा. केबलला दाट घरं लागतात. एका खांबावरून दहा जोडण्या निघाल्या तर वायरचा खर्च भरून येतो. आपल्याकडे राहुरी, नेवासा, श्रीरामपूर, राहाता या बागायती पट्ट्यात माणसं शेतावर, वस्तीवर राहतात. दोन घरांमध्ये उसाचं एक शिवार. म्हणून गावठाणात केबल आणि वस्तीवर छतावरची डिश, अशी वाटणी कुणी न ठरवता होऊन गेली. पाथर्डी किंवा जामखेडकडे निघालात तर रस्त्याकडेच्या पत्र्यांवर त्या तबकड्या बघा, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या असतात.

केबलचा जन्म कुठल्या योजनेतून झाला नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या इमारतींत एका व्हीसीआरवरून घरोघर वायर टाकून सिनेमे दाखवायला सुरुवात झाली. 1991 च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिनी म्हणजे काय ते लोकांना दाखवलं. त्याच वर्षी स्टार आलं, 2 ऑक्टोबर 1992 ला झी. तालुक्याच्या गावांत ज्यांचं रेडिओ दुरुस्तीचं किंवा व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं, त्यांनी गच्चीवर मोठी जाळीची छत्री उभारली आणि धंदा सुरू केला. कायदा आला तो 1995 मध्ये, म्हणजे गल्ल्यागल्ल्यांत वायरी पडून गेल्यावर. नोंदणी कुठे, तर मुख्य पोस्टात. वर्षाला पाचशे रुपये भरायचे आणि पोस्टमास्तरकडून प्रमाणपत्र घ्यायचं. ही पद्धत जवळजवळ तीस वर्षं चालली. जानेवारी 2025 पासून नोंदणी केंद्राच्या पोर्टलवर होते, पाच वर्षांसाठी, पाच हजार रुपयांत.

त्या काळातली कंट्रोल रूम मला नीट आठवते. पत्र्याची खोली, आत लोखंडी मांडणी. प्रत्येक वाहिनीला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर, त्यांचे लाल दिवे, वर गरगरणारा पंखा आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर. तिथून निघालेल्या जाड काळ्या वायरला दर काही शे मीटरवर अ‍ॅम्प्लिफायर लागायचा, कारण तांबं सिग्नल खातं. घरात येणारी साधी आरजी-6 वायर घ्या. वरच्या वाहिन्यांचा सिग्नल तिच्यातून शंभर मीटर गेला की त्याची ताकद चाळिसाव्या हिश्शावर येते. मग ती वाढवा, पुन्हा वाढवा. दर वेळी सिग्नलबरोबर कचराही वाढतो. टोकाच्या घरी पोचेपर्यंत त्या कचऱ्याच्या मुंग्या झालेल्या असतात.

अ‍ॅम्प्लिफायरला वीज लागते. भारनियमनाच्या वर्षांत यामुळे चमत्कारिक गोष्ट व्हायची. आपल्या गल्लीत लाइट आहे, टीव्ही सुरू आहे, आणि केबल बंद. कारण मधला अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या फीडरवर आणि तिकडची वीज गेलेली. शिव्या केबलवाल्याला. त्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या. शिगोशीग भरलेली ट्रॉली गावातून निघाली आणि रस्त्यावरची वायर जरा झोळ पडलेली असली की तुटलीच. कारखानदारीच्या या जिल्ह्यात, लोणीपासून कोपरगावपर्यंत, थंडीच्या दिवसांत रात्री शिडी घेऊन निघणं हा या धंद्याचा भागच आहे.

मग डिजिटल आलं. 2011 मध्ये कायदा बदलला. पहिल्या टप्प्यात चार महानगरं, दुसऱ्यात अडतीस शहरं, तिसऱ्यात उरलेली शहरं, चौथ्यात खेडी. मुदती पुढे जात जात मार्च 2017 उजाडलं. लहान ऑपरेटरच्या दृष्टीने खरी उलथापालथ हीच होती. डिजिटल कंट्रोल रूम उभारणं एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. बहुतेकांनी आपल्या छत्र्या उतरवल्या आणि मोठ्या कंपनीचा फीड घेतला. काल जो मालक होता तो आज कंपनीचा जोडणीदार झाला. ग्राहकाचं नाव, त्याचं पॅकेज, त्याचा हिशेब, सगळं कंपनीच्या संगणकात गेलं. त्याच्याकडे उरली वायर, खांब आणि ओळख.

एचडीची गोष्ट इथून सुरू होते, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. साध्या चित्रात आडवे 720 आणि उभे 576 ठिपके असतात. पूर्ण एचडीत 1920 आणि 1080. गुणाकार करून पाहा, बरोबर पाचपट भरतात. एवढं वाढीव ओझं त्याच वायरमधून न्यायचं. ज्या पट्ट्यात पूर्वी एक वाहिनी मावायची, तिथे डिजिटलमध्ये दहा-बारा साध्या वाहिन्या बसतात, एचडीच्या चार-पाचच. म्हणजे एचडीची प्रत्येक वाहिनी घेताना ऑपरेटरला जागेचा हिशेब करावा लागतो. 2016 मध्ये मराठीतल्या मोठ्या मनोरंजन वाहिन्या एचडीत आल्या, तेव्हापासून हा हिशेब मराठी घरांच्या दारात आला. 2019 च्या फेब्रुवारीपासून नवे दर लागू झाले. तेव्हा 130 रुपये अधिक कर एवढ्या मूळ शुल्कात शंभर वाहिन्या होत्या, पण एक एचडी वाहिनी दोनच्या बरोबरीची धरायची. सरकारी नियमातही एचडी दोन ताटांचं जेवत होती.

मात्र पैसे भरूनही कितीतरी घरांत एचडी दिसत नाही. नगर शहरातल्या सावेडीत एका ऑपरेटरच्या मुलाबरोबर दोन संध्याकाळी फिरलो, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. एका घरी भिंतीवर त्रेचाळीस इंची नवा टीव्ही, खाली एचडी बॉक्स, आणि दोघांना जोडणारी वायर जुनी, पिवळ्या-लाल-पांढऱ्या तीन पिनांची. बातम्या देणारा माणूस आडवा पसरलेला, गाल फुगलेले.

"मावशी, एचडीचे पैसे किती महिने भरताय?"

"वर्ष झालं की रे. का?"

त्याने खिशातून एचडीएमआय वायर काढली, बॉक्सच्या मागे लावली, टीव्हीचा इनपुट बदलला आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राची चौकट दुरुस्त केली. निवेदकाचा चेहरा जागेवर आला. मावशी पुढे सरकून म्हणाल्या, "अगं बाई, याच्या शर्टाला बारीक रेघा आहेत!" वर्षभर त्या रेघांचे पैसे त्या भरत होत्या. आपल्या घरी टीव्हीच्या मागे एकदा डोकावून बघा. तीन रंगांच्या पिना दिसल्या तर एचडी तुमच्यापर्यंत पोचलेली नाही.

आता काचेची तार. तांब्यात शंभर मीटरला सिग्नलचा जीव जातो. काचेत उजेडाची ताकद निम्मी व्हायला पंधराएक किलोमीटर लागतात. मधे अ‍ॅम्प्लिफायर नको, त्याला वीज नको, त्यामुळे दुसऱ्या फीडरची भानगड नको. एका धाग्याचे बत्तीस किंवा चौसष्ट फाटे करणारा स्प्लिटर खांबावरच्या डबीत बिनविजेचा पडून असतो. आणि एकाच काचेतून उजेडाचे वेगवेगळे रंग एकमेकांना धक्का न लावता जातात. हे रंग डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना नॅनोमीटरच्या आकड्यांनी ओळखायचं. 1490 वर इंटरनेट घरी येतं, 1310 वर घरून परत जातं आणि 1550 वर जुनी केबल जशीच्या तशी चालते. ऑपरेटरांनी नेमका याचाच फायदा घेतला. एका तारेत केबलही आणि वायफायही.

या तारेचा जोड कसा करतात ते पाहायला मी मुद्दाम थांबलो होतो. दिवस मावळायला आलेला, खांबाखाली पोत्यावर बसून सावेडीतला तो पोरगा काम करत होता. वरचं प्लास्टिक सोललं. आतला धागा केसाएवढा. तो स्पिरिटने पुसला, क्लीव्हरवर टक्कन काटकोनात तोडला. दुसऱ्या टोकाचंही तसंच. दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली, छोट्या पडद्यावर ती जाड खांबांसारखी दिसायला लागली. मशीनने ती स्वतःच जुळवली, एक ठिणगी पडली आणि दोन काचांची एक काच झाली. ज्या गाभ्यातून उजेड जातो तो फक्त 9 मायक्रॉनचा. धुळीचा एक कण आडवा आला तर जोड वाया. पडद्यावर जोडातल्या घटीचा आकडा आला, 0.02 डेसिबल. मग घराच्या टोकाला उजेडाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावला. आतून आवाज आला, "किती येतंय?" "मायनस एकोणीस." पोरगा समाधानाने हसला. उणे सत्तावीसच्या खाली गेलं की घरातला डबा लाल दिवा दाखवतो. दहावीनंतर आयटीआय केलेल्या मुलाच्या हातात आलेली ही कला आहे, आणि तिची कदर व्हायला हवी तेवढी होत नाही.

यापुढची पायरी आयपीटीव्हीची. फरक पंगतीच्या भाषेत सांगतो. केबलमध्ये सगळे पदार्थ प्रत्येकाच्या पानात वाढलेले असतात. तुम्ही खा न खा, पाचशे वाहिन्या तुमच्या बॉक्सपर्यंत येऊन पडतात आणि बॉक्स त्यातली एक दाखवतो. आयपीटीव्हीत तुम्ही मागाल तेवढीच वाहिनी तुमच्या घराकडे निघते. त्यामुळे जागेचा प्रश्न संपतो. एचडी वाहिनीला सेकंदाला सहा-आठ मेगाबिट लागले तरी त्या घरापुरतेच लागतात. शिवाय ही वाहिनी ऑपरेटरच्या स्वतःच्या जाळ्यातून येते, बाहेरच्या इंटरनेटच्या गर्दीतून नाही. मोबाइलवर सामना पाहणाऱ्याला विकेट पडल्याचं शेजारच्या आरडाओरड्यावरून आधी कळतं. याचं कारण ते चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून, साठवून मग दाखवलं जातं. नीट बांधलेल्या आयपीटीव्हीत हा उशीर जवळजवळ राहत नाही.

पण या पायरीवर मोठी माणसं आधीच उभी आहेत. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन केबल कंपन्यांतला निम्म्याहून जास्त हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. बीएसएनएलने 2024 मध्ये फायबरवर टीव्ही सुरू केला, एअरटेलने मार्च 2025 मध्ये दोन हजार शहरांत आयपीटीव्ही आणला. केबल कंपन्यांच्या संघटनेने ईवाय या सल्लागार संस्थेबरोबर काढलेल्या अहवालानुसार देशात पैसे भरून टीव्ही पाहणारी घरं 2018 मध्ये 15 कोटी 10 लाख होती, 2024 मध्ये ती 11 कोटी 10 लाखांवर आली. चार कोटी घरं सहा वर्षांत गेली. त्यातली आपल्या गल्लीतली किती, हे गल्लीतल्या ऑपरेटरला तोंडपाठ असतं.

माझं मत स्पष्ट आहे. काचेची तार यायलाच हवी, एचडी यायलाच हवी, त्यात रडण्यासारखं काही नाही. पण ही तार स्थानिक ऑपरेटरच्या हातून आली तर जिल्ह्याचं भलं आहे. मुळा धरणावरून येणारी जलवाहिनी फुटली आणि उद्या पाणी नाही, ही पट्टी टीव्हीवर फिरते ती गावच्या केबलवर. माळीवाड्यातल्या विशाल गणपतीची मिरवणूक घरबसल्या म्हाताऱ्या माणसांना दिसते ती गावच्या कॅमेऱ्यातून. आणि वस्तीपर्यंत तार न्यायची झाली तर कुणाच्या बांधावरून न्यायची, कुणाला आधी विचारायचं, हे पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसून कळत नाही. डिशने जी वस्ती केबलकडून घेतली, ती काचेच्या तारेने परत मिळू शकते, कारण वस्तीवरच्या पोरांना आता टीव्हीपेक्षा वायफाय जास्त हवं आहे. ऑपरेटरांनीही बदललं पाहिजे. पावती दिली पाहिजे, फोन उचलला पाहिजे, तासाभरात येतो म्हटलं तर तासाभरात आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी येण्याचे दिवस मुंग्यांबरोबर गेले.

तुमच्या दारात फायबर घ्या म्हणून कुणी आलं, मग तो मोठ्या कंपनीचा असो की गल्लीतला, तर वेग किती आणि वाहिन्या किती हे नंतर विचारा. आधी विचारा, उसाच्या ट्रॉलीने तार तोडली तर ती जोडायला कोण येणार, आणि त्याचा मोबाइल नंबर काय. तो नंबर भिंतीवर लिहून ठेवा.