काटा वजन सांगतो. ऐकायला कोण आहे?

‘पंपिंग कमी झालंय’ असं डॉक्टरांनी सांगितलेला माणूस घरात असेल, तर तिथलं सर्वांत कामाचं यंत्र म्हणजे साधा वजनकाटा. हृदय दुबळं झालं की मूत्रपिंडांना रक्त अपुरं मिळतं. शरीरात पाणीच कमी आहे असं समजून ती मीठ आणि पाणी अडवून ठेवतात. पायांवर सूज दिसायच्या किंवा रात्री उशीखाली दुसरी उशी घ्यावी लागायच्या आधीच बरेचदा हे पाणी काट्यावर उमटतं. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, तर दोष सहसा जेवणाचा नसतो. तेव्हाच लघवीच्या गोळीचा डोस बदलला, तर अॅडमिट होणं टळू शकतं.

मग रोजचं वजन फोनवरून कळवलं की काम झालं? अमेरिकेत १,६५३ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे निम्म्यांवर हेच करून पाहिलं गेलं. रुग्णांनी रोज एका स्वयंचलित फोन यंत्रणेला वजन आणि त्रास सांगायचा, डॉक्टरांनी नंतर ती माहिती तपासायची. २०१० साली निकाल आला: पुन्हा भरती होण्यात किंवा मृत्यूंमध्ये काहीच फरक नाही. ज्यांनी फोन करायचा होता त्यांतल्या १४ टक्के रुग्णांनी तर एकदाही फोन केला नव्हता. यंत्राशी रोज बोलायचा कंटाळा कुणाला येणार नाही?

जर्मनीतल्या १,५७१ रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल २०१८ मध्ये आला, तो मात्र वेगळा होता. एका गटाचं वजन, रक्तदाब, ईसीजी आणि ऑक्सिजन रोज बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या केंद्रात पोचत होतं, आणि तिथे चोवीस तास डॉक्टर-नर्स बसलेले होते. आकडा बिघडला की ते रुग्णाला फोन करत, औषध बदलत. वर्षभरात दर शंभर रुग्णांमागे मृत्यू नेहमीच्या उपचारांच्या गटात ११.३ होते, तर या गटात ७.९. रुग्ण निवडून घेतलेले होते, हे खरं. तरी माझ्या मते फरक पाडला तो त्या जागत्या माणसांनी.

फुप्फुसाच्या धमनीत बसवायचा, बॅटरी नसलेला चिमुकला सेन्सरही आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. वजन वाढायच्या आधीच वाढलेला दाब तो पकडतो. पण तो दाबही कुणीतरी वाचावाच लागतो.

आपल्याकडे घड्याळं, अॅप, पॅकेजं विकायला पुष्कळ आहेत. घेण्याआधी एवढंच विचारा: रात्री दोन वाजता आकडा बिघडला तर तो कोण बघणार? काहीच घ्यायचं नसेल, तर रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. किती वाढलं की फोन करायचा आणि कुणाला, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून त्याच वहीत लिहून घ्या.