अडेलतट्टू

लगामाची कडी खळखळली की मैना मान आभाळाकडे फेकायची. खांद्यापाशी जेमतेम चार फूट उंचीची, कुमैत रंगाची ही घोडी एका थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवून थकलेली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था, खूर वाढून फाटलेले. विकणारा एवढंच म्हणाला, ‘‘तोंडाची वाईट आहे, बाकी गुणी.’’ पहिल्याच दिवशी आम्ही तिघांनी तिला लगाम घालायचा घाट घातला. एकाने म्होरकी धरली, दुसऱ्याने कान, तिसरा लगाम घेऊन पुढे झाला. मैनेने तिघांनाही झुगारून दिलं.

शेजारच्या वाडीतले तात्या कुंपणाशी उभे राहून हे पाहत होते. त्यांचा जन्म घोड्यांत गेलेला. त्यांनी विचारलं, ‘‘तिचं तोंड उघडून बघितलंत का?’’

आम्ही बघितलं नव्हतं.

हटून बसणाऱ्या माणसाला आपण ‘अडेलतट्टू’ म्हणतो आणि पैशासाठी कुणाचीही बाजू घेणाऱ्याला ‘भाडोत्री तट्टू’. भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांनी मराठ्यांच्या घोडदळाला वेग दिला, मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात आजही माणसं आणि सामान घोड्यांच्या पाठीवरून जातं. तरी भाषेत तट्टाच्या वाट्याला हीच विशेषणं आली. मैनेचं तोंड पाहिल्यावर मला या शब्दांची लाज वाटली.

ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत जुने व्रण होते. गालांच्या आतल्या बाजूला जखमा होत्या. हे कसं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीचा एक मोकळा पट्टा असतो. लगामाचा तोंडातला लोखंडी भाग, म्हणजे कडियाळं, नेमकं तिथे बसतं. त्या हिरडीखाली लगेच हाड असतं, त्यामुळे दिलेला प्रत्येक हिसका थेट हाडावर जातो. शिवाय घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने दाढा सगळीकडे सारख्या झिजत नाहीत. वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्यांची आतली कड सुरीसारखी धारदार होत जाते. गालावरून लगामाचा पट्टा आवळला की आतून ती धार रुतते. काही घोड्यांना दाढांच्या पुढे एक बारीकसा जादा दात असतो, त्यावर कडियाळं आपटलं तरी कळ जाते. म्हणून वर्षातून एकदा तरी पशुवैद्यांकडून दात तपासून घ्यावेत. आमच्या पशुवैद्यांनी मैनेला गुंगीचं इंजेक्शन देऊन दाढांच्या कडा घासून बोथट केल्या आणि लगाम पूर्ण बंद करायला सांगितलं.

तिच्यासोबत आलेला जुना लगाम मी हातात घेतला, तेव्हा कडियाळ्यावर बोटाला टोचतील असे खिळे लागले. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या केंद्राच्या नियमांनी असा काटेरी लगाम वापरायला बंदी घातली आहे. म्हणजे मैनेच्या तोंडात जे होतं, ते कित्येक दशकांपासून बेकायदा होतं.

उपासमार झालेल्या जनावराला पाहून पहिला मोह होतो तो चंदीचा तोबरा भरून देण्याचा. तो आवरावा. रिकाम्या पडलेल्या शरीराला एकदम धान्य दिलं तर रक्तातल्या क्षारांचा तोल ढळून जीवावर बेतू शकतं. आम्ही दिवसातून सहा वेळा थोडी थोडी वाळलेली लसूणघास दिली आणि स्वच्छ पाणी कायम समोर ठेवलं. हरभऱ्याची चंदी सुरू झाली ती पुढे बऱ्याच दिवसांनी, तीही मूठमूठ. धनुर्वाताची लस टोचून घेतली, कारण घोड्याला हा रोग फार लवकर होतो. नालबंदाने खूर एकदम न कापता टप्प्याटप्प्याने आकारात आणले.

तोंड दीड महिन्यात बरं झालं. भीती मात्र तशीच होती. दुखणं गेलं तरी त्याची आठवण जात नाही, आणि घोड्याची स्मरणशक्ती पक्की असते. इथून पुढे खरी शिकवण सुरू झाली.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. फक्त कपाळासमोर आणि शेपटीमागे थोडी जागा दिसत नाही. आपण मात्र लगाम घेऊन थेट कपाळाकडे जातो. तात्यांनी मला डाव्या खांद्यापाशी उभं राहायला शिकवलं. खरारा करता करता हात मानेवर, मानेवरून कानाच्या मुळाशी. तिने मान ताठ केली की हात तिथेच स्थिर ठेवायचा. तिने डोकं तसूभर जरी खाली घेतलं, तर त्याच क्षणी हात काढून घ्यायचा. डोकं खाली घेतलं की सुटका होते, हे तिला असं समजलं. रोज फक्त दहा मिनिटं, आणि शेवट नेहमी तिला जमलेल्या गोष्टीवर.

कानाला हात लावू द्यायला तीन आठवडे गेले. मग कडियाळं काढून टाकलेला, नुसता चामड्याचा सांगाडा आला. तो कानांवरून ओढावा लागू नये म्हणून बाजूचं बक्कल सोडून आम्ही तो मानेमागून घेऊन बांधायचो. त्यानंतर आलं तिच्या तोंडाच्या मापाचं, गुळगुळीत कडियाळं. त्याला गूळ चोळून ते तळहातावर धरायचं आणि अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून त्या बिनदाती जागेवर अलगद ठेवायचा; तोंड आपोआप उघडतं. थंडीच्या दिवसांत लोखंड आधी हातात धरून उबदार करायचं. आणि बहुतेक जण विसरतात ती गोष्ट म्हणजे लगाम काढणं. घाईने ओढला की कडियाळं पुढच्या दातांवर आदळतं आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. घोडी स्वतः ते सोडेपर्यंत थांबायचं.

यात नवं काही नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोड्याशी कधीही रागाच्या भरात वागू नये, हा त्यातला नियम आहे. चौथ्या महिन्यात एका सकाळी मैनेने स्वतःहून डोकं खाली घेऊन कडियाळं ओठांत धरलं, तेव्हा त्या नियमाचा अर्थ मला कळला. तिने ते कधीच धरलं नसतं, तर मी बिनकडियाळ्याच्या लगामावर तिला चालवलं असतं. तोही मार्ग चांगलाच आहे.

या सुट्टीत तुम्ही मुलांना घेऊन माथेरान, महाबळेश्वर किंवा पाचगणीला जाल. घोड्यावर बसण्याआधी एक मिनिट काढा. त्याच्या ओठांचे कोपरे बघा, लगामाला काटे आहेत का ते बघा, खोगिराखाली जखम नाही ना हे विचारा. त्याच १९६५च्या नियमांनी तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याला ७० किलोंची मर्यादा घातली आहे, हे लक्षात ठेवून कुणी बसायचं ते ठरवा. घोडा नीट राखणारे घोडेवाले पुष्कळ आहेत. भाडं त्यांनाच द्या. आणि एखादं तट्टू लगाम पाहून मागे सरलं, तर त्याला अडेलतट्टू म्हणण्याआधी मालकाला तात्यांचा प्रश्न जरूर विचारा: ‘‘त्याचं तोंड उघडून बघितलंत का?’’