ओरॅकल जेडीके की ओपनजेडीके? जावा डाउनलोड करण्याआधी एवढं वाचा



"सर, जावा तर फ्री आहे ना?" हा प्रश्न नेहमी येतो. भाषा वापरायला पैसे लागत नाहीत, हे खरं. पण तुम्ही जे जेडीके, म्हणजे जावा डेव्हलपमेंट किट, मशीनवर टाकता, त्याला लायसन्स असतं. बिल येतं ते तिथून.

दोघांत फरक काय?

कोड जवळजवळ एकच आहे. जावा ११ पासून तर कामाच्या दृष्टीने फारसा फरकच उरलेला नाही. फरक आहे तो कागदावर.

ओपनजेडीके जीपीएल व्हर्जन २ या लायसन्सखाली मिळतं, सोबत 'क्लासपाथ एक्सेप्शन' आहे. म्हणजे त्यावर बनवलेलं तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर तुम्ही खुशाल विका, सोर्स कोड कुणाला द्यावा लागत नाही. मात्र जेडीकेमध्येच बदल करून ते वाटलंत, तर त्या बदलांचा सोर्स द्यावा लागतो.

ओरॅकल जेडीकेचं लायसन्स व्हर्जनप्रमाणे बदलतं:

- जावा ८: जानेवारी २०१९ नंतरचे अपडेट धंद्यात वापरायचे तर सबस्क्रिप्शन लागतं.
- जावा ११: शिकायला आणि टेस्टिंगला फ्री, धंद्याच्या रोजच्या वापराला पैसे.
- जावा १७ आणि पुढची एलटीएस व्हर्जन: धंद्यातही फ्री, पण पुढचं एलटीएस आल्यावर फक्त एक वर्ष. २१ आलं सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणून १७ चे फ्री अपडेट सप्टेंबर २०२४ पर्यंतच मिळाले.

बिल कसं लागतं?

इथे नीट लक्ष द्या. जानेवारी २०२३ पासून ओरॅकल जावा वापरणारी माणसं मोजत नाही, कंपनीतले सगळे कर्मचारी मोजते. पार्टटाइम आणि टेम्पररीसुद्धा. ९९९ माणसांपर्यंत जाहीर दर होता माणशी महिना १५ डॉलर. समजा तुमच्याकडे २० जण आहेत आणि जावा वापरतात फक्त दोघं. तरी हिशोब २० × १५ × १२, म्हणजे वर्षाला ३,६०० डॉलर!

मग करायचं काय?

१. प्रत्येक मशीनवर जावाचं व्हर्जन तपासा. कमांड प्रॉम्प्टवरच्या उत्तरात 'ओपनजेडीके' दिसलं तर निश्चिंत राहा. नुसतं 'जावा व्हर्जन' आणि खाली 'जावा एसई' दिसलं तर ते ओरॅकलचं आहे. मग त्याचा अपडेट नंबर लिहून ठेवा.

२. टेमुरिन, ॲमेझॉन कोरेटो किंवा अझुल झुलू यांपैकी एक ओपनजेडीके बिल्ड आधी एकाच मशीनवर टाकून बघा. जुनं सॉफ्टवेअर 'वेब स्टार्ट'वर चालत असेल तर थांबा, ती सोय ओपनजेडीकेमध्ये नाही. आधी सॉफ्टवेअर देणाऱ्याला विचारा.

३. सगळं नीट चाललं की ओरॅकलचं जेडीके काढा आणि ऑटो अपडेटही बंद झालाय ना, ते बघा. 'अपडेट करू का?' या प्रश्नाला सवयीने 'हो' म्हटलं की नवं लायसन्सही मान्य केलं, असा त्याचा अर्थ होतो.

ऑफिसात पाच मशीन असतील तर हे तपासायला अर्धा तास पुरे. आजच करून टाका.