परत द्यायचं मूल

पालघर-बोईसर पट्ट्यात मूल दत्तक घेण्याची चौकशी करणारी जोडपी बरीच भेटतात. दुसऱ्याचं मूल वर्ष-दोन वर्षं घरी ठेवून सांभाळायचं आहे, त्याच्या आईवडिलांची घडी बसली की परत पाठवायचं आहे, असं विचारणारा मात्र विरळाच. अशी सोय कायद्यात आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "लळा लागल्यावर घेऊन गेले तर?" प्रश्न अगदी रास्त आहे. यशोदेची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण अक्रूर रथ घेऊन आला त्या दिवसाचं तिचं घर सहसा वगळतो. फॉस्टर केअर, म्हणजे सरकारी कागदांवरचं प्रतिपालकत्व, नेमकं तिथून समजून घ्यावं लागतं.

बालगृहातलं मूल अनाथच असतं, हा आपला पक्का समज. प्रत्यक्षात अनेकांचं कोणी ना कोणी हयात असतं. आई दीर्घ आजारी, बाप तुरुंगात, घरात दारू आणि मारहाण, किंवा भेटायला येतो म्हणून सांगून गेलेले काका पुन्हा फिरकलेले नाहीत. पालघर जिल्ह्यात याला स्थलांतराची जोड आहे. दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होऊ लागतात. आगाऊ पैसे घेतलेली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलं आजीकडे, आश्रमशाळेत किंवा भट्टीवरच वाढतात. तारापूरच्या एमआयडीसीत उलटा ओघ. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसं चाळीतल्या एका खोलीत संसार मांडतात. इथे आजी नाही, मामा नाही. कमावतं माणूस अपघातात गेलं की शेजारीण किती दिवस पोर सांभाळणार? शिवाय विरार-डहाणू मार्गावरच्या कुठल्याही स्टेशनात एकटं उतरलेलं मूल सापडू शकतं. असं मूल २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. पुढचा निर्णय समितीचा.

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्व आहे. समितीच्या आदेशाने मूल कुटुंबात राहायला येतं. त्याचं खाणंपिणं, शिक्षण, आरोग्य ही त्या कुटुंबाची जबाबदारी. जन्मदाते आईवडील मूल सांभाळायला असमर्थ ठरल्यामुळे ते आलं असेल, तर समितीने मनाई केली नसल्यास ते ठरावीक काळाने त्याला भेटू शकतात आणि पुढे सक्षम ठरले तर मूल त्यांच्याकडे परत जातं. भावंडं शक्यतो एकाच घरी ठेवावीत असंही कायदा सांगतो. दर महिन्याला घराची पाहणी होते आणि कमतरता दिसली तर मूल हलवलं जातं. दत्तकविधानात जुनं नातं कायद्याने संपतं आणि नवं तयार होतं. इथे मुलाचं नाव, आडनाव, जात, सगळं त्याचंच राहतं. तुमच्या मालमत्तेत त्याला वाटा नाही आणि त्याच्यावर तुमचा मालकी हक्क नाही.

२०२४ मध्ये केंद्राने सुधारित मार्गदर्शक सूचना आणल्या आणि दार बरंच उघडलं. पूर्वी विवाहित जोडप्यांचाच विचार होई. आता ३५ ते ६० वयाची अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा विभक्त व्यक्तीही अर्ज करू शकते. एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही. जोडप्याचं वैवाहिक आयुष्य किमान दोन वर्षं स्थिर असावं आणि दोघांच्या वयाची बेरीज ७० तरी व्हावी. मूल साधारण सहा वर्षांवरचं असतं. संस्थेत असलेलं, ज्याला भेटायला कोणी येत नाही किंवा मोठं वय, आजार, अपंगत्व यांमुळे ज्याला दत्तक कुटुंब मिळत नाही, असं. दोन वर्षं एकत्र काढल्यावर, मूल दत्तक देण्यासाठी मुक्त असेल तर त्याच कुटुंबाला दत्तकासाठी अर्ज करता येतो. आधी ही अट पाच वर्षांची होती. पण दत्तकाची रांग लांब आहे म्हणून या बाजूने शिरू पाहणाऱ्यांनी थांबावं. परत जाऊ शकणारं मूल घरी आणायचं आणि ते परत जाऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे, यात हाल मुलाचेच होतात.

अर्ज केला की जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं घरी येतात. उत्पन्न किती, जागा किती, घरातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं काय, सगळं विचारतात. घरातल्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी लागते; त्यात एचआयव्ही, क्षयरोग आणि कावीळ-बी आलंच. गुन्ह्याची नोंद नसावी. बंगला लागत नाही, स्वच्छ खोली आणि वेळ लागतो. वेळेचा प्रश्न बोईसरला खरा अवघड आहे. नवरा नाईट शिफ्टला आणि बायको फर्स्टला असेल, तर शाळेतून आलेल्या मुलाला दार कोण उघडणार, याचं उत्तर पाहणीच्या आधीच शोधून ठेवा.

मूल आल्यावरचे पहिले महिने कठीण असतात. पोटभर जेवूनही ते पोळी गादीखाली लपवतं, रात्री अंथरूण ओलं करतं, उगाच खोटं बोलतं. हे संस्कारांचं अपयश नव्हे. उद्या जेवण मिळेल याची खात्री त्याला आजवर कोणी दिलेली नसते. वारली पाड्यावरच्या पोराला तुमची शहरी मराठी परकी वाटेल, चाळीतलं पोर भोजपुरीत रडेल. आई भेटून गेली की दोन दिवस ते तुमच्याशी धड बोलणार नाही. त्या दोन दिवसांत आईबद्दल वाईट शब्द न काढणं, हे मला या कामातलं सर्वांत अवघड वाटतं. शाळेचं त्या मानाने सोपं आहे: दाखला यायला उशीर झाला म्हणून शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेश नाकारता येत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगायला हवं. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'मध्ये प्रतिपालकत्वासाठी मुलामागे महिना ४,००० रुपये आहेत. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना वेगळी; तिच्यात महिना २,२५० रुपये मिळतात आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना तिचा मोठा आधार होऊ शकतो. सरकारी हप्ता वेळेवर येईल असं धरून घरखर्चाचं गणित मात्र मांडू नये.

आणि एक धोक्याची गोष्ट. "पाड्यावरची गरीब मुलगी आहे, घरच्यासारखी ठेवलीय, शाळेतही घातलंय," असं सांगणारी घरं या भागात आणि पलीकडे मुंबईत आहेत. ती मुलगी पहाटे भांडी घासत असेल, तर ते प्रतिपालकत्व नव्हे, बालमजुरी आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं बेकायदा आहे. रीतसर प्रक्रियेबाहेर मूल दत्तक देण्या-घेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. चांगल्या हेतूने मूल घरी आणलं असेल तरी समितीला कळवल्याशिवाय ठेवू नका.

इतका खटाटोप कशासाठी, बालगृह काय वाईट? रुमानियात बुखारेस्टच्या सहा अनाथालयांतल्या १३६ बालकांवर २००० नंतर एक अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं कुटुंबांत ठेवली, निम्मी संस्थेतच राहिली. कुटुंबांत गेलेल्यांची बुद्धी अधिक वाढली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सर्वांत जास्त. इंग्लंडमध्ये सरकारी देखरेखीखालच्या मुलांपैकी साधारण दोन-तृतीयांश कुटुंबांत राहतात. आपल्याकडे ही पद्धत अजून नखाएवढीच आहे. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शाळा उचलून आदिवासी मुलांच्या अंगणात आणि कुरणात नेली होती. पोर शाळेत येत नाही म्हणून त्या त्याला दोष देत बसल्या नाहीत. नव्या कल्पनेला ही भूमी बिचकणारी नाही.

विचार पक्का असेल तर पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला जिल्हा मुख्यालय आहे. तिथे जाऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षाची चौकशी करा. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. एखादं मूल संकटात दिसलं तर १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. अर्ज करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून "परत द्यावं लागलं तर?" हा प्रश्न विचारा, आपल्या लेकरांनाही. त्यांचं उत्तर 'नाही' आलं, तर अर्ज करू नका.