सॉफ्टवेअर बसवले खरे, पण ते बसले कुठे?

शाबानचा महिना निम्मा सरला की आमच्या घरात शिलाई मशीनचा आवाज रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो. भाभी गेली बारा-तेरा वर्षे घरूनच बायका-मुलींचे कपडे शिवतात. ईदच्या आधीच्या या दीड महिन्यात त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा येतो. पूर्वी मापे आणि उधारी एका जाड वहीत असे. चार वर्षांपूर्वी पुतणीने हिशेबाचे एक छोटे सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर बसवून दिले. गिऱ्हाइकाचे नाव टाकले की माप, ठरलेली शिलाई, आलेला अ‍ॅडव्हान्स, राहिलेली बाकी, सगळे समोर. वही कपाटात गेली.

गेल्या वर्षी नेमका त्याच दिवसांत कॉम्प्युटर रेंगाळू लागला. आमचा कॉम्प्युटर दुकानातून जुळवून घेतलेला. त्यात १२८ जीबीची एसएसडी, तोच सी ड्राइव्ह, आणि १ टीबीची हार्ड डिस्क, तो डी ड्राइव्ह. सीची पट्टी लाल झाली होती आणि डी तीन-चतुर्थांश रिकामा होता. दुरुस्तीवाला मुलगा आला, पाहून म्हणाला, "चाचा, विंडोज परत टाकावी लागेल. सी उडेल, डी तसाच राहील. सीमध्ये काही कामाचे आहे का?" आम्ही मोठ्या विश्वासाने म्हणालो, "काही नाही. आमचे सगळे डीमध्येच असते." फोटो, दाखले, मार्कशीट, पुतणीचे प्रोजेक्ट, सारे डीमध्ये ठेवायची सवय आम्ही स्वतः घरात लावली होती.

संध्याकाळी भाभींनी सॉफ्टवेअर पुन्हा बसवायला सांगितले. ते बसले, उघडले, आणि गिऱ्हाइकांची यादी कोरी निघाली. चार वर्षांची मापे, चार वर्षांची उधारी गेली. ईद पाच आठवड्यांवर होती.

ते सॉफ्टवेअर आपला डेटा सी ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवत होते. हे आम्हाला नंतर कळले. आम्ही त्याची सेटअप फाइल मुद्दाम सावकाश, एकेक पान वाचत पुन्हा चालवली. पहिले पान स्वागताचे. दुसरे अटींचे, 'मला मान्य आहे'. तिसऱ्या पानावर थेट 'इन्स्टॉल'. कुठे बसवू, हा प्रश्न नाही. तुमच्या नोंदी कुठे ठेवतो, हे सांगणेही नाही.

बॅकअप घेतला नाही ही चूक आमचीच, ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालणार नाही. पण दुरुस्तीवाल्याने आम्हाला विचारले होते आणि आम्ही उत्तर दिले होते. ते उत्तर चुकले, कारण आमच्याच घरातली आमचीच वस्तू कुठे ठेवली आहे हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही असे वाटले, म्हणून थोडे खोलात गेलो.

आधी या 'सी'बद्दल. कॉम्प्युटरमध्ये ए आणि बी ड्राइव्ह का दिसत नाहीत, असे मुले विचारतात. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात फ्लॉपी असत, ए आणि बी ही नावे त्यांना गेली. १९८३ साली आलेल्या पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क होती. तिला पुढचे अक्षर मिळाले, सी. फ्लॉपी गेल्या, सी राहिला. पुढे विंडोज ९५ बरोबर 'प्रोग्रॅम फाइल्स' नावाचा फोल्डर आला आणि सॉफ्टवेअरने तिथे उतरायचे असा रिवाज पडला.

रिवाज होता, सक्ती नव्हती. त्या काळातली सेटअप फाइल आठवून पाहा. अमुक फोल्डरमध्ये बसवतो आहे, असे एका पानावर लिहिलेले असे आणि शेजारी 'ब्राउज' नावाचे बटन. ते दाबले की सीच्या जागी डी करता येई. खाली किती जागा लागेल तेही लिहिलेले असे. बहुतेक लोक न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत, हेही खरे. पण वाचणाऱ्याला दार उघडे होते.

ते दार हळूहळू बंद झाले, आणि त्यामागे सगळाच आडमुठेपणा नव्हता, हे मान्य करायला हवे. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली. तेव्हापासून 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये काही बदल करायचा तर पडद्यावर परवानगी मागितली जाऊ लागली. ही व्यवस्था चांगली आहे. व्हायरसला तिथल्या फाइल गुपचूप बदलता येत नाहीत. आपण डी ड्राइव्हवर एखादा साधा फोल्डर केला आणि सॉफ्टवेअर त्यात टाकले, तर हा पहारा सहसा तिथे नसतो. म्हणजे न विचारण्यामागे सुरक्षिततेचे कारण असू शकते.

मात्र याच परवानगीला वळसा घालण्यासाठी एक दुसरी वाट निघाली. परवानगी नको असेल तर सॉफ्टवेअर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये जातच नाही, ते वापरणाऱ्याच्या नावाखाली 'अ‍ॅपडेटा' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये उतरते. गुगल क्रोम बसवताना अ‍ॅडमिनची परवानगी दिली नाही तर ते असेच तिथे जाते. सोय आहेच, कारण कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड नसलेल्यालाही काम करता येते. पण एका घरात तिघांची तीन खाती असतील तर तेच सॉफ्टवेअर तीनदा बसू शकते, आणि तेही त्याच भरलेल्या सी ड्राइव्हवर.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या आजच्या आवृत्त्या बसवताना जागा निवडता येत नाही. विंडोज जिथे असेल त्याच ड्राइव्हवर ते जाते. उलट स्टीम या खेळांच्या दुकानात प्रत्येक खेळ कोणत्या ड्राइव्हवर उतरवायचा ते निवडता येते. एकेक खेळ पन्नास-शंभर जीबीचा, तिथे न विचारून चालणारच नाही. टॅलीप्राइम बसवतानाही 'कॉन्फिगर' उघडले तर प्रोग्रॅमची जागा आणि डेटाची जागा वेगवेगळी ठरवता येते. मनात असले तर विचारता येते, असा याचा अर्थ.

मनात असले तर किती कष्ट पडतात? आम्हाला वाटले होते फार पडत असतील. विंडोजसाठी सेटअप फाइल बनवायचे 'इनो सेटअप' नावाचे एक साधन आहे. १९९७ पासून ते चालू आहे आणि असंख्य छोटी सॉफ्टवेअरे त्यावर बांधलेली आहेत. त्यात 'कुठे बसवायचे' हे पान तयारच असते. दाखवायचे की लपवायचे, हे एका ओळीच्या सेटिंगवर ठरते. म्हणजे आमच्या भाभींना न विचारणे हे कुणाच्या तरी एका ओळीचे काम होते.

बनवणारे म्हणतात, प्रश्न विचारला की साधा माणूस गोंधळतो. असेल. पण 'त्यांना काय कळते' म्हणून घरातल्या बायकांना न विचारता ठरलेले निर्णय आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांची भरपाई नंतर कोण करते तेही. गोंधळ होऊ नये म्हणून योग्य जागा आधीच भरून ठेवा. 'नेक्स्ट' दाबणारा दाबेल. खाली एक छोटे 'बदला' असू द्या, एवढेच.

मोबाइलवर तर हा हक्क आणखी पातळ आहे. २०१० साली अँड्रॉइड २.२ आले तेव्हा अ‍ॅप मेमरी कार्डावर हलवण्याची सोय झाली, पण ते अ‍ॅप बनवणाऱ्याने मुभा ठेवली असेल तरच. फोन आपला, कार्ड आपले, मुभा तिसऱ्याची. २०१५ साली अँड्रॉइड ६ मध्ये अख्खे कार्डच फोनची आतली मेमरी म्हणून जोडायची सोय आली. तसे जोडलेले कार्ड मात्र त्याच फोनपुरते राहते, काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले तर वाचता येत नाही. शिवाय सगळे फोन ही सोय देत नाहीत. आयफोनला कार्डाची खाचच नाही, तेव्हा तिथे विषय संपला.

आता घरच्या कॉम्प्युटरवर आपल्या हातात काय आहे ते पाहू. १२८ जीबीची एसएसडी घेतली तरी विंडोज ती ११९ दाखवते, मोजण्याच्या पद्धतीतला तो फरक आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट किमान ६४ जीबी मागते. ऑफिस, ब्राउझर, अपडेट धरले की सी भरायला वेळ लागत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून अ‍ॅप घेत असाल तर विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग अ‍ॅडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज अशा क्रमाने जा. नवी अ‍ॅप कोणत्या ड्राइव्हवर जावीत ते तिथे ठरवता येते. इतर सॉफ्टवेअर बसवताना 'कस्टम' किंवा 'अ‍ॅडव्हान्स्ड' असे काही दिसले तर घाबरून सोडू नका, जागा निवडायचे पान अनेकदा त्यामागेच असते.

बसलेले सॉफ्टवेअर कट-पेस्ट करून डीमध्ये हलवायला जाऊ नका. विंडोजने त्याचा पत्ता स्वतःच्या नोंदीत लिहून ठेवलेला असतो, तो चुकला की सॉफ्टवेअर उघडत नाही. हलवायचेच तर काढून पुन्हा बसवा.

हे सारे जागेपुरते झाले. सॉफ्टवेअर डीमध्ये असते तरी विंडोज नव्याने टाकल्यावर ते बहुधा पुन्हा बसवावेच लागते. ते बसवता येते, सेटअप फाइल पुन्हा मिळते. मापे पुन्हा मिळत नाहीत. म्हणून आमच्या मते खरी मागणी जागेच्या दोन प्रश्नांची आहे, आणि त्यातला दुसरा जास्त मोठा आहे: प्रोग्रॅम कुठे, आणि माझ्या नोंदी कुठे? सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'डेटा पाथ', 'डेटा लोकेशन' किंवा 'बॅकअप' असे काही आहे का ते शोधा. विंडोजचा 'डॉक्युमेंट्स' फोल्डर तर थेट डीमध्ये नेता येतो. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. पुष्कळ सॉफ्टवेअरे आपल्या फाइल तिथेच ठेवतात, त्यांचाही प्रश्न त्याबरोबर सुटतो.

भाभींचे काय झाले? गेलेला डेटा परत आला नाही. दुरुस्तीवाल्या मुलाने एक रात्र खटपट केली, पण त्या जागेवर नवी विंडोज लिहिली गेली होती. पुतणीने फोन करकरून गिऱ्हाइकांना पुन्हा मापाला बोलावले. बायका आल्या, काही हसल्या, काही वैतागल्या. दोघी-तिघी दुसरीकडे गेल्या. उधारीचे मात्र वेगळे झाले. काहींनी स्वतःहून सांगितले, "भाभी, माझे इतके राहिलेत." काही गप्प राहिल्या, आणि भाभींनीही विचारले नाही. कपाटातली जाड वही बाहेर आली.

ईदनंतर नवे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले. या वेळी विकणाऱ्यांशी भाभी स्वतः बोलल्या. पहिल्याला त्यांनी विचारले, "मापे कुठे ठेवता?" तो म्हणाला, "मॅडम, ते आपोआप होते, तुम्ही काळजी करू नका." भाभींनी शुक्रिया म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने फोल्डर निवडायचे पान कुठे येते ते सांगितले. तेच घेतले. आता डी ड्राइव्हवर 'शिलाई' नावाचा फोल्डर आहे. दर शुक्रवारी दुपारी पुतणी तो पेनड्राइव्हवर उतरवते आणि पेनड्राइव्ह वहीच्याच कप्प्यात ठेवते.