बर्फातली शेती आणि व्यापाऱ्याचा हिशेब

कापडाच्या गादीवर बसणाऱ्याने शेतीवर लिहावे, हे आमच्या व्यापारी बंधूंना चमत्कारिक वाटेल. पण आमचा एक भाचा कॅनडातील ओंटारियो प्रांतात नोकरीस आहे. त्याला तिथे पाच एकर जमीन घेऊन घरच्या माणसांच्या बळावर ‘पर्माकल्चर’ शेती करायची आहे, आणि भांडवलाचा काही हिस्सा त्याने आमच्याकडे मागितला आहे. पैसा लावायचा तर माल आधी पारखावा लागतो. तसा हाही पारखला.

पर्माकल्चर म्हणजे कायम टिकणारी शेती. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली ऑस्ट्रेलियात यावर पहिले पुस्तक काढले. फळझाडे, झुडपे, भाजी, कोंबड्या, तळे यांची मांडणी अशी करायची की एकाचा कचरा दुसऱ्याचे खत व्हावे.

थंड मुलुखातला पक्का दाखला ऑस्ट्रियाचा आहे. सेप होल्झर यांनी १९६२ साली, विशीच्या उमरीत, आईवडिलांचे क्रामेटरहोफ हे शेत हाती घेतले. साल्झबुर्ग प्रांताच्या लुंगाऊ भागात ११०० ते १५०० मीटर उंचीवरचा हा डोंगर. आपले महाबळेश्वरही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे, पण लुंगाऊच्या हिवाळ्यापुढे ती थंडी म्हणजे मलमल! होल्झर यांनी उतारावर पायऱ्या पाडल्या, तळी खोदली. तळ्याचे पाणी आणि मोठे दगड दिवसाचे ऊन साठवतात व रात्री ऊब देतात. लाकडाचे ओंडके पुरून त्यावर मातीचे उंच वरंबे केले. कुजणारे लाकूड पाणी धरून ठेवते. फळझाडे त्यांनी छाटली नाहीत. न छाटलेली फांदी बर्फाच्या भाराने वाकून जमिनीला टेकते, छाटलेली ताठ राहते आणि मोडते. यावरून अधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडाले.

आमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्यांचा अळंबीचा धंदा चांगला चालला होता. १९८६ साली चेर्नोबिलची दुर्घटना झाली आणि किरणोत्साराच्या भीतीने लोकांनी अळंबी घेणे सोडले. गिऱ्हाईकच नाहीसे झाले. पण मासे होते, रोपे होती, म्हणून घर उभे राहिले. २००९ पासून ते शेत मुलगा पाहतो. एकाच वाणाचा माल भरून ठेवणाऱ्या आमच्या किती दुकानदारांचे दिवाळे निघाले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

भाच्याला आम्ही स्पष्ट सांगितले की नोकरी सोडायची नाही. सफरचंदाचे मोठे झाड फळायला सहा-सात वर्षे घेते, तोवर रक्कम अडकली. करंटसारखी झुडपे दोन-तीन वर्षांत देतात. लसूण ऑक्टोबरात लावून पेंढ्याने झाकला की पुढच्या जुलैत निघतो. अंडी तर रोजची रोकड. आणि जमीन घेताना खोलगट तुकडा घेऊ नये. थंड हवा जड, ती उताराने खाली येऊन तिथेच साचते आणि मोहोर जाळते.

निम्मी रक्कम आम्ही कबूल केली, एका अटीवर. पहिले वर्ष एकही फळझाड विकत घ्यायचे नाही. बर्फ कुठे आधी वितळतो, वारा कुठून येतो, ते कागदावर मांडून पाठवायचे. त्याच्या वालिदसाहेबांना हे अजून पसंत नाही. मुलगा परदेशात जाऊन कोंबड्या पाळणार, असे ते आल्यागेल्याला सांगतात.